मोहाखालचा तिसरा वाटेकरी

फैजपुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आमच्या गावात झालं. बाहेरून आलेल्या पाहुण्याला आम्ही आधी ते सांगतो आणि मग केळीबद्दल सांगतो. सातपुड्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. यावल, फैजपूर, सावदा, रावेर ही गावं त्याच्या पायथ्याला ओळीनं वसलेली आहेत, गच्चीवर उभं राहिलं की केळीच्या बागांवरून त्याची रांग दिसते, तरी बोलण्यात तो येत नाही. आलाच तर एवढाच, "तिकडं आता काय राहिलंय भाऊ? सगळं तोडून नेलं."

तोड झाली हे खरं आहे. सागाची चोरटी तोड, वनजमिनीवरची अतिक्रमणं, दर उन्हाळ्यातले वणवे, या जंगलानं फार सोसलंय. पण त्यात अजून बिबट्या आहे, तडस आहे, चौसिंगा, भेकर, साळिंदर, मोर आहेत, आणि अस्वल आहे. रात्रीची लाइट आली की केळीला पाणी द्यायला उठणाऱ्या माझ्या गाववाल्याला आपल्या शिवारापासून जवळच अस्वल राहतं हे माहीत असावं, या हट्टानं मी लग्नाचे फोटो काढणारा माणूस जंगलात जायला लागलो.

माझ्या पिढीच्या खानदेशी माणसानं अस्वल पहिल्यांदा पाहिलं ते दरवेशाच्या दोरीला बांधलेलं. बाजाराच्या दिवशी दरवेशी यायचा, डमरू वाजवायचा आणि अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राहून डुलायचं. लेकरांची भीती जावी म्हणून आयाबाया त्यांना अस्वलाच्या पाठीवर बसवायच्या, त्याचे केस ताइतात घालायच्या. ती दोरी नाकाडात भोक पाडून ओवलेली असायची आणि अस्वलाचे दात पाडलेले असायचे, हे मला फार उशिरा कळलं. १९९८ साली केंद्र सरकारनं अस्वलांच्या खेळांवर बंदी घातली. रस्त्यांवरून ती दिसेनाशी व्हायला मात्र त्यानंतरही बरीच वर्षं गेली. वडिलांच्या निगेटिव्हच्या डब्यात असा एक फोटो आहे. मधोमध उभं अस्वल, बाजूला टोपी घातलेले दोन बागायतदार, तिघंही कॅमेऱ्याकडे बघताहेत. त्या फोटोमुळे अस्वल असं उभंच असतं, असं कित्येक वर्षं माझ्या मनात बसलं होतं.

जंगलातलं अस्वल तसं नसतं. चारी पायांवर, मान खाली, पुढचे पंजे आत वळवत ते चालतं आणि नाक जमिनीपासून फारसं वर येतच नाही. नजर अधू, कानही यथातथाच. सगळी भिस्त नाकावर. समोर काय आहे ते उमगलं नाही म्हणजेच ते उभं राहतं, वास नीट घ्यायला. दरवेशानं ज्या एका गोष्टीसाठी त्याला मारून शिकवलं, ती गोष्ट जंगलात ते गोंधळलं असताना करतं. म्हणून उभ्या अस्वलाचा फोटो कुणी कौतुकानं दाखवला की मी आधी विचारतो, तुम्ही किती जवळ होतात?

यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झालं. क्षेत्र पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास, वरच्या अंगाला मध्य प्रदेशची हद्द, आणि अनेर, मांजळ, सुकी या नद्यांचं पाणी. साग, अंजन, सलई, धावडा, टेंभुर्णी, मोह ही इथली झाडं. फैजपुरातून खिरोद्यावरून पालकडे निघालं की केळी मागे पडते आणि डोंगर अंगावर येतो. त्याच परिसरात सुकी नदीवर गारबर्डीचं धरण आहे. अभयारण्यात फोटो काढायचा तर परवानगी लागते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या कलम २८मध्ये छायाचित्रणाचा स्पष्ट उल्लेख आहे. रात्री आत थांबता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे माझं बरंचसं काम अभयारण्याच्या हद्दीबाहेर, प्रादेशिक वनात आणि पाड्यांच्या शिवारात चालतं. तिथंही बीटच्या वनरक्षकाला सांगितल्याशिवाय मी जात नाही.

मला हे जंगल वाचायला शिकवलं ते एका पाड्यावरच्या पावरा आदिवासी काकांनी. पहिल्याच फेरीत माझ्या खांद्यावरची मोठी लेन्स बघून ते म्हणाले होते, "अस्वल नका शोधू भाऊ. त्यानं काय खाल्लं ते शोधा."

त्यानंतर मी अस्वलाची विष्ठा बघत हिंडलो. लोकांना हे किळसवाणं वाटतं, पण अस्वलाचा सगळा पत्ता त्यात लिहिलेला असतो. हिवाळ्यात तीत बोरांच्या आठळ्या सापडतात. उन्हाळा तापायला लागला की मोहाच्या फुलांचा चोथा, आंबूस वासाचा. मग टेंभुर्णीच्या चपट्या, चकचकीत बिया, बहाव्याच्या शेंगांतल्या बिया, पावसाच्या तोंडाला जांभळं. पाऊस पडून जमीन मऊ झाली की वाळवी आणि मुंगळे. एकदा नाल्याच्या काठी अशाच एका जुन्या ढिगातून बहाव्याची कोवळी रोपं उगवलेली दिसली. काकांनी ती काठीनं दाखवली आणि म्हणाले, "हे त्यानं पेरलं." सातपुड्यात झाडं लावणारे जे कोणी आहेत त्यांत अस्वल आहे, हे मला कुठल्या पुस्तकाआधी तिथं कळलं.

वाळवीचं वारूळ फोडणं हे त्याचं खरं कसब. पुढच्या पंजाच्या नख्या माणसाच्या बोटाएवढ्या लांब आणि किंचित वाकड्या. त्यांनी ते उन्हानं दगड झालेलं वारूळ उकरतं. मग तोंड बिळाला लावून आधी जोरात फुंकर मारतं, धूळ उडवून लावतं आणि नंतर ओढून घेतं. त्याच्या वरच्या जबड्यात अगदी पुढचे दोन दात नसतातच. त्या फटीतून, ओठ पुढे काढून, ते वाळवी थेट घशात ओढतं, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेतं. या फुंकण्या-ओढण्याचा आवाज शंभर पावलांवरूनही ऐकू येतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याच्या प्राणीगणनेत मचाणावर बसलो असताना मी तो पहिल्यांदा ऐकला. विहिरीतलं पाणी तळाला गेल्यावर मोटर हवा ओढायला लागते, हुबेहूब तसा. चांदणं स्वच्छ होतं, खाली पाणवठा चमकत होता आणि काठावरच्या अंधारात तो आवाज चालू होता. कितीतरी वेळानं अस्वल पाण्यावर आलं, लपालपा पाणी प्यायलं आणि गेलं. फोटो काढण्यासारखा उजेड नव्हता आणि फ्लॅश मारायचा प्रश्नच नव्हता. मचाणावरचा वनमजूर कागदावर वेळ लिहीत होता. त्या रात्री अस्वल मला आधी कानानं ओळखीचं झालं, आणि ते फार बरं झालं. आजही मी जंगलात बसलो की कॅमेरा मांडीवर असतो आणि लक्ष कानात असतं.

फोटोग्राफरच्या नजरेनं अस्वल हा अवघड प्राणी आहे. अंगभर काळे, लांब, विस्कटलेले केस, त्यात सावली दिसत नाही, उठाव दिसत नाही. कॅमेऱ्याचा मीटर काळा रंग पाहिला की फसतो, फोटो उजळ करून ठेवतो आणि अस्वल राखाडी येतं. म्हणून एक्स्पोजर खाली ओढावं लागतं. ऑटोफोकसला त्या काळ्या अंगावर धरायला काही सापडत नाही, लेन्स पुढेमागे करत बसते. मी फोकस तोंडाच्या फिक्या भागावर, जिथं काळे केस संपतात त्या कडेवर धरतो. छातीवरचा पांढरा पट्टा दिसला तर दैव. ट्रायपॉड मी नेत नाही. त्याचे पाय दगडावर वाजतात. कापडी पिशवीत ज्वारी भरून ती दगडावर ठेवतो आणि तिच्यावर लेन्स टेकवतो. स्टुडिओतली पोरं नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर लग्नं काढायला लागली तेव्हा माझा पहिला विचार जंगलाचा होता, कारण त्याचं शटर वाजत नाही.

आता मोहाकडे येतो, कारण माझं सांगणं तिथंच आहे.

मार्चच्या आसपास मोह फुलतो. सलई उघडीबोडकी असते, अंजनाखाली पाचोळ्याचा थर, नाले आटत आलेले, आणि अशा वेळी मोहाखाली रसरशीत, पिवळट फुलांचा सडा पडतो. ही फुलं रात्रीपासून सकाळपर्यंत गळत राहतात. जंगलातल्या कुणालाही त्या दिवसांत याहून सोपं आणि गोड खाणं नाही. हरणं येतात, साळिंदर येतं, वानरं येतात, अस्वल तर हमखास येतं. आणि पाड्यावरची माणसं येतात. मोहफुलं वेचणं, वाळवणं, साठवणं आणि विकणं यावर घराचा उन्हाळा निघतो. झाडं कुटुंबांनी वाटून घेतलेली असतात. कागदावर काही नसतं, पण कुठला मोह कुणाचा हे पाड्यावरच्या पोराला विचारलं तरी सांगेल. पहाटे बॅटरी, टोपल्या आणि लेकरं घेऊन बाया निघतात, कारण ऊन चढायच्या आत आणि गुरं पोचायच्या आत फुलं उचलली पाहिजेत.

म्हणजे एकाच झाडाखाली रात्रीची पाळी अस्वलाची आणि सकाळची बायांची. मधे उजाडण्याआधीचा थोडासा वेळ असतो, त्यात एक जातो आणि दुसरा येतो. ही वाटणी कुणी बसून ठरवलेली नाही. बाया येताना मोठ्यानं बोलत, हाका मारत येतात, टोपलीवर काठी वाजवतात. अस्वल ते ऐकतं, फू फू करतं आणि सलईच्या उतारावर निघून जातं. बहुतेक दिवस असंच होतं. ज्या दिवशी होत नाही त्या दिवसाची गोष्ट पाड्यावर प्रत्येक घरात असते. अस्वल हल्ला करतं तेव्हा ते पुढच्या पंजांनी डोक्यावर आणि तोंडावर मारतं. माणूस वाचला तरी डोळा, ओठ, गालाचं हाड गेलेलं असतं. काकांच्या नात्यातले एक गृहस्थ कायम उपरण्यानं अर्धा चेहरा झाकून बसतात. मी त्यांचा फोटो कधी काढला नाही.

अस्वलाची पिल्लं साधारण थंडीत गुहेत जन्मतात आणि मोह फुलायच्या सुमाराला आईबरोबर बाहेर पडायला लागतात. आईच्या खांद्यामागचे केस सगळ्यांत लांब असतात, त्यांना धरून पिल्लं पाठीवर बसतात. म्हणजे अस्वल जेव्हा सर्वांत जास्त बिथरलेलं असतं, तेव्हाच त्याचा मोहाखाली माणसाशी संबंध येतो. आणि ज्या फोटोसाठी प्रत्येक जण झुरतो, पाठीवर पिल्लं घेतलेली मादी, तो याच दिवसांत मिळतो. अस्वल आणि बायांच्या या वाटणीत मग आम्ही शिरतो, कॅमेरेवाले. आम्हाला फुलं नको असतात. आम्हाला नेमका तो मधला वेळ हवा असतो.

मी वाऱ्याचा हिशेब काकांकडून शिकलो. रात्रभर गार झालेली हवा उतारावरून नाल्यात उतरते आणि नाल्यानाल्यानं मैदानाकडे वाहते. ऊन उतारावर पडलं की तीच हवा उलटी वर चढायला लागते. म्हणून पहाटे झाडाच्या खालच्या अंगाला बसायचं आणि ऊन लागायच्या आत निघायचं. अंगाला साबण लावायचा नाही, विडी-तंबाखू नाही. एवढं पाळलं तर अस्वलाला तुम्ही तिथं होतात हेही कळत नाही.

एका चैत्रात मी आणि काका असेच नाल्यात बसलो होतो. वर मोहाखाली मादी होती, बरोबर दोन पिल्लं. उजेड इतका कमी होता की कॅमेऱ्यातून नुसता काळा गोळा हलताना दिसायचा. एक पिल्लू आईच्या पाठीवरून घसरायचं आणि परत चढायचं. फुलं खाताना होणारा मचमच आवाज स्पष्ट येत होता. उजाडायला अजून अवकाश होता आणि बाया पाड्यावरून निघाल्या असतील, असं काकांनी खुणेनं सांगितलं. एवढ्यात वरच्या गाडीवाटेवर जीप येऊन थांबली आणि मोठ्या बॅटरीचा झोत सरळ झाडाखाली पडला. कुठल्याशा शहरातली हौशी मंडळी होती. शटरचे आवाज आमच्यापर्यंत आले. मादीनं एकदा डोकं उचललं, हुंकार टाकला आणि झोताच्या उलट दिशेला, म्हणजे खाली नाल्याकडे पळाली. आमच्यापासून ती बरीच बाजूनं गेली. पण त्या बाजूलाच पाड्याची पायवाट चढते.

आम्ही ओरडत तिकडे धावलो. काका त्यांच्या पावरी बोलीत हाका मारत होते. आम्ही वळणावर पोचलो तेव्हा बाया वाटेवर एकमेकींना चिकटून उभ्या होत्या आणि दहा-बारा हातांवर मादी मागच्या पायांवर उभी होती. बायांच्या बॅटऱ्यांच्या उजेडात छातीवरचा पांढरा पट्टा लख्ख दिसत होता. सगळ्यांत पुढे एक वयस्क मावशी होत्या. त्यांनी डोक्यावरची टोपली तोंडासमोर धरली होती, दुसऱ्या हातानं सुनेला मागे दाबून ठेवलं होतं आणि त्या अस्वलाशी बोलत होत्या, हळू, एकसारख्या आवाजात. मला पावरी फारशी येत नाही. काकांनी नंतर सांगितलं की त्या म्हणत होत्या, जा माय, तुझी लेकरं मागे राहिली, जा. कुणी पळालं नाही. एका पिल्लानं मागून बारीक आवाज केला, मादी खाली झाली, वळली, आणि झुडपं मोडत गेली.

कुणाला काही झालं नाही. बाया तिथंच वाटेवर बसल्या. सून थरथरत होती. मावशींनी तिला पाणी पाजलं आणि म्हणाल्या, आज या झाडाखाली जायचं नाही. त्या दिवशीची त्या झाडाची फुलं गुरांनी खाल्ली. आम्ही वर गेलो तेव्हा जीप निघून गेली होती. खाली काय झालं ते जीपमधल्या कुणालाही कळलं नाही. त्यांना फोटोही मिळाला असेल, चांगलाही आला असेल.

रानातल्या फोटोबद्दल जे काही नियम सांगितले जातात ते बहुधा प्राण्याला त्रास होऊ नये म्हणून असतात. ते बरोबरच आहेत. पण सातपुड्यासारख्या जंगलात, जिथं माणसं राहतात आणि त्याच झाडांवर जगतात, तिथं आपण अस्वलाला एका झाडावरून हलवलं तर ते कुठल्या तरी दुसऱ्या वाटेवर, दुसऱ्या वेळी जातं. त्या वाटेवर कोण चालत असतं हे आपल्याला माहीत नसतं. आपण गाडीत असतो. ती बाई पायी असते, बरोबर लेकरू असतं. फोटोची किंमत तिच्याकडून वसूल होते, आणि ती किती हे फोटो काढणाऱ्याला कधीच कळत नाही. म्हणून मी त्या सकाळनंतर मोहाखाली उजाडण्याआधी बसणं सोडून दिलं, वारा कितीही चांगला असला तरी.

माझ्या कामाचं मोल मी कमी लेखत नाही. जंगलातलं काय उरलंय हे सिद्ध करायला फोटोसारखं साधन नाही, आणि याचा सगळ्यांत मोठा दाखला आमच्याच सातपुड्यात आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणालाच खात्रीनं सापडलं नव्हतं. ते नामशेष झालं असंच मानलं जात होतं. १९९७च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या तीन अमेरिकी पक्षीअभ्यासकांना ते शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, दिवसाउजेडी फांदीवर बसलेलं दिसलं. त्यांनी त्याचं चित्रण केलं आणि एकशे तेरा वर्षांनी तो पक्षी जगाच्या यादीत परत आला. पुढे यावलच्या जंगलातही त्याची नोंद झाली. ज्या जंगलात काही राहिलं नाही असं आपण म्हणतो, त्या जंगलानं जगाला हा पक्षी परत दिला. पण याच पिंगळ्याला आता काही जण मोबाइलवर त्याचा आवाज लावून बोलावतात. तो येतो, कारण आपल्या हद्दीत दुसरा शिरला असं त्याला वाटतं. घरट्यावरचा पक्षी असा दिवसभर खोट्या शत्रूवर धावून दमतो. हे मला अजिबात मान्य नाही आणि माझ्याबरोबर येणाऱ्या कुणालाही मी ते करू देत नाही.

कमीत कमी त्रास देणारा कॅमेरा म्हणजे झाडाला बांधून ठेवलेला. ही कल्पना जुनी आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानं शंभर वर्षांपूर्वी उत्तरेतल्या जंगलांत वाटेवर तार बांधून वाघांकडूनच कॅमेरे चालवून घेतले आणि १९२७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. आज हे काम वनखात्याचे कॅमेरा ट्रॅप करतात. एका वनरक्षकानं मला त्यातले फोटो दाखवले होते. बिबट्या शांतपणे निघून जातो, तडस थबकतं, अस्वल मात्र कॅमेऱ्याकडेच येतं. एका फोटोत नुसतं ओलं नाक आणि त्याला चिकटलेली माती. पुढच्या फोटोत आभाळ, कारण कॅमेरा उलटा लटकत होता. नाकावरच्या मातीचा तो फोटो माझ्या कुठल्याही फोटोपेक्षा अस्वलाबद्दल जास्त सांगतो, हे मी मनापासून कबूल करतो.

मी काढलेले फोटो आधी पाड्यावर दाखवतो, नंतर फैजपुरात. स्टुडिओत येणारे विचारतात, लेन्स कुठली, किती मीटरवर होतं, भीती वाटली नाही का. पाड्यावरच्या बाया तसं काही विचारत नाहीत. त्या प्रिंट हातात घेतात, अस्वलाकडे जेमतेम बघतात आणि मागचं झाड निरखतात. मग एकमेकींत बोलून ठरवतात, हा अमक्याचा मोह. कुठल्या बाजूनं आलं, कुठं गेलं, पिल्लं किती, हे प्रश्न पुढे येतात. त्यांना त्या फोटोतून उद्याची वाट ठरवायची असते. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं फोटोतून मिळावीत म्हणून मी आता फ्रेम मोठी ठेवतो. अस्वल लहान येतं, पण झाड, नाला, उतार सगळं दिसतं.

माझ्याकडचा सर्वांत चांगला फोटो असाच आहे. तो बायांच्याबरोबर वेचणीला गेलो असताना काढला. उजाडलं होतं. समोरच्या उतारावर सलईच्या पांढुरक्या खोडांमधून मादी चढत चाललीय, पाठीवर एक पिल्लू, दुसरं मागे. खाली डाव्या कोपऱ्यात मावशींची टोपली आणि वाकलेली पाठ. दोघींच्या मधे पूर्ण नाला आहे. स्पर्धेला पाठवला असता तर अस्वल फार लहान दिसतं म्हणून बाजूला पडला असता. मी तो स्टुडिओत काउंटरच्या मागे, गिऱ्हाइकाला पैसे देताना समोर दिसेल असा लावलाय. लग्नाच्या अल्बमची ऑर्डर द्यायला आलेले लोक थांबून बघतात. "हे कुठलं?" म्हणतात. आपल्याच सातपुड्यातलं, म्हटलं की विश्वास बसत नाही. मग बसतो. मला जे सांगायचं होतं ते तिथं सांगून होतं.

सातपुड्यात कॅमेरा घेऊन येणाऱ्यांना माझी विनंती आहे. मोहाच्या दिवसांत येणार असाल तर आदल्या दिवशी पाड्यावर जा. कुठले मोह कुणाचे, बाया किती वाजता आणि कुठल्या वाटेनं निघतात, हे विचारून घ्या. ते खुशीनं सांगतात. त्या वाटा आणि ती वेळ सोडून बसा. उजेडाचा झोत वापरू नका. हिवाळ्यात गुहांच्या आसपास जाऊ नका, तिथं पिल्लं असतात. फोटो जगाला दाखवा, जागेचं नाव दाखवू नका. आणि वाटेत अस्वल समोर आलंच तर पळू नका, आवाज हळू ठेवून बोलत राहा, त्याला जायला वाट द्या आणि पिल्लांच्या आणि आईच्या मधे कधीही येऊ नका. मावशींनी केलं तेच.

जमलं तर पावसाळ्यात या. वाळवी वर आलेली असते, डोंगर हिरवे असतात, मोहाखाली कुणी नसतं, आणि सुकीला पाणी असतं.